तांबेऱ्याचे दोनशे अठ्ठ्याऐंशी वाचक

ज्ञानाची तहान माणसाला स्वस्थ बसू देत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. लोहारा तालुक्यातल्या विद्याविकासिनी महाविद्यालयात मात्र ती माणसाला सायकल स्टँडवर बसवते, कारण वाय-फायची रेंज तिथंच सगळ्यात चांगली मिळते. ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीला पाठ टेकून, माना खाली घालून साठ-सत्तर विद्यार्थी तिथं रोज तासन्‌तास बसलेले असत. लांबून पाहणाऱ्याला एखाद्या गुरुकुलाची आठवण व्हावी. जवळ गेलं की "आरं मार की, डावीकडनं आला बघ!" असं ऐकू येई.

डिसेंबरातल्या एका बुधवारी सकाळी अकराला ग्रंथपाल चारुशीला देशमाने यांना प्राचार्यांचं बोलावणं आलं. प्राचार्य डॉ. राघवेंद्र पाठक संगणकाच्या पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर भाकरीसारखा एक गोल तक्ता होता. लाल रंग मनोरंजनाचा, हिरवा अभ्यासाचा. भाकरी जवळजवळ सगळी लाल होती. हिरवा भाग म्हणजे कडेला चिकटलेलं कोथिंबिरीचं पान.

"हे काय आहे, मॅडम?"

"इंटरनेटचा वापर, सर. मागच्या चोवीस तासांचा. आपोआप निघतो."

"अभ्यास चार टक्के?"

"हो सर."

"मनोरंजन नव्वद?"

"हो सर. उरलेले सहा टक्के क्रिकेट. यंत्रानं ते वेगळं धरलंय."

प्राचार्यांनी डोळे मिटले. "आणि उद्या अकराला मूल्यांकन समिती येतीय. आल्या आल्या हाच तक्ता मागतात म्हणे."

त्या चार टक्क्यांची फोड चारुशीलाबाईंना ठाऊक होती, पण त्यांनी ती सांगितली नाही. एक टक्का शिवप्रियाचा. ही बी.ए.ची मुलगी घरी रेंज नाही म्हणून ग्रंथालयाच्या खिडकीत बसून स्पर्धा परीक्षेच्या सराव चाचण्या सोडवायची. उरलेले तीन टक्के शिपाई महालिंगप्पांचे. ते जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बसवण्णांच्या वचनांचं निरूपण ऐकत, आणि यंत्रानं ते 'तत्त्वज्ञान' या सदरात घातलं होतं.

"तुम्ही इथं किती वर्षं आहात?" प्राचार्यांनी विचारलं.

"चौदा, सर. तात्पुरती."

"तुमच्या कायम मान्यतेचा कागद वर पडलेला आहे. उद्याचा अहवाल चांगला गेला तर तो सुटेल. वाईट गेला तर जागा पुन्हा जाहिरातीत जाईल. मग मी काही करू शकणार नाही." प्राचार्य हे अत्यंत हळुवारपणे बोलले. वाईट बातमी ते नेहमी हळुवारपणे सांगत. "उद्या अकरापर्यंत अभ्यास साठ टक्के पाहिजे."

चारुशीलाबाईंचं वय सेहेचाळीस होतं. जाहिरातीतली वयाची अट त्यांना पाठ होती. त्या केबिनबाहेर आल्या तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

पहिला उपाय सरळ होता. साडेअकराला सूचना फिरली : वाय-फाय फक्त अभ्यासासाठी, दुसरं काही उघडणाऱ्याचं ओळखपत्र जप्त. दहा मिनिटांत सायकल स्टँड रिकामा झाला. मुलं आपापल्या मोबाइलचा स्वतःचा डेटा चालू करून रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेली. एक वाजता चारुशीलाबाईंनी चालू तासाचा तक्ता उघडला. अभ्यास शंभर टक्के.

"वा!" प्राचार्य म्हणाले. "बघा, शिस्त लावली की होतं."

"सर, वापरणारे किती तेही बघा."

प्राचार्यांनी चष्मा पुढं ओढला. वापरणारे : एक.

"कोण हा?"

दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या महालिंगप्पांनी कानातली वायर काढली. "म्या हाय, साहेब. बंद करू का?"

"नको!" दोघंही एकदम ओरडले.

दुसरा उपाय नंदीशनं सुचवला. नंदीश बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि संगणक कक्षाची किल्ली त्याच्याकडेच असे, कारण तिथलं काही बिघडलं तर दुरुस्त करणारा तोच होता. बिघडवणाराही बहुधा तोच असे.

"लई सोपंय, मॅडम," तो म्हणाला. "पोरांची गरजच न्हाय. पोरांची लॉगिनं पाहिजेत. हजेरी नंबर आन् जन्मतारीख, बास. कक्षात चोवीस मशीन हायेत. एका मशीनवर बारा खिडक्या उघडायच्या, एका खिडकीत एक पोरगं. सगळ्यांना ई-ग्रंथालयात नेऊन बसवायचं आन् एक पुस्तक उघडून द्यायचं. चोवीस बारे दोनशे अठ्ठ्याऐंशी."

"हे बरोबर नाही, नंदीश."

"बरोबर कुठं म्हणलं? सोपंय म्हणलं."

चारुशीलाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. मग हजेरीची यादी काढून दिली.

पुस्तक निवडायला वेळ नव्हता. ई-ग्रंथालयात पुस्तकं वर्णक्रमानं लावलेली होती, म्हणून नंदीशनं यादीतलं पहिलंच उघडलं : 'अंजिरावरील तांबेरा रोग : लक्षणे व उपाय'. पहिल्या दोन पानांवर थांबलं तर यंत्र त्याला 'चाळणे' म्हणायचं, तिसऱ्या पानापासून 'वाचन' धरायचं. त्यामुळं दोनशे अठ्ठ्याऐंशी विद्यार्थ्यांना तिसऱ्या पानावर नेऊन सोडण्यात आलं. अर्धा तास कुणी हात लावला नाही तर विद्यार्थी आपोआप बाहेर फेकला जाई. तेवढ्यासाठी महालिंगप्पांची नेमणूक झाली.

"अप्पा, तुम्ही फक्त फिरत राहायचं," चारुशीलाबाईंनी समजावलं. "एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर. प्रत्येक खिडकीत एकदा बोट दाबायचं. सहाला कॉलेज बंद झालं की घरी जा, सकाळी सातला परत या. नंदीश सगळ्यांना पुन्हा आत बसवील."

"पान उलटायचं का?"

"आजाबात न्हाय!" नंदीश मधेच ओरडला. "समद्यांचं नवीन पान एकदम उघडाय लागलं की नेट बसंल."

"बरं बाबा. न्हाय उलटत," महालिंगप्पा म्हणाले, आणि कपाळावरची विभूती सारखी करून त्यांनी पहिली प्रदक्षिणा सुरू केली.

गुरुवारी पावणेदहाला शिवप्रिया ग्रंथालयात आली ती धापा टाकतच.

"मॅडम, माझं लॉगिन कुणीतरी अंजिराला लावलंय."

"म्हणजे?"

"दहाला माझी सराव परीक्षा आहे. लॉगिन टाकलं की म्हणतंय, तुम्ही आधीच आत आहात, अंजिरावरील तांबेरा वाचताय. मॅडम, माझा इतिहास आहे!"

चारुशीलाबाई तिला घेऊन संगणक कक्षाकडे पळाल्या. पण दोनशे अठ्ठ्याऐंशी खिडक्यांतली शिवप्रियाची कोणती, हे नंदीशलाही माहीत नव्हतं. सगळ्या खिडक्यांत तेच पान होतं. तिघांनी एकेक खिडकी उघडून नाव बघायला सुरुवात केली. महालिंगप्पा मधूनमधून "जरा सरका, यव्वा, ह्या मशीनची येळ झाली," म्हणत बोट दाबून पुढं जात होते. शिवप्रिया एकोणिसाव्या मशीनच्या सातव्या खिडकीत सापडली तेव्हा साडेदहा वाजले होते. परीक्षा दहा ते साडेदहाच होती.

"असू द्या, मॅडम," शिवप्रिया दप्तर उचलत म्हणाली. "कॉलेजचा अभ्यासच वाढवताय नव्हं?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. चारुशीलाबाई तिच्या मागं दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात फाटकाशी गाडी येऊन थांबली.

समितीत तिघं होते. दोघं आल्या आल्या फरसाणाच्या बश्यांपाशी स्थिरावले. अध्यक्ष प्राध्यापक कृष्णराज मोहोळकर मात्र कशालाही हात न लावता पडद्यासमोर बसले. त्यांचा आवाज इतका हळू होता की ऐकायला पुढं वाकावं लागे, आणि वाकलं की माणूस आपोआप आरोपीसारखा दिसे.

"अभ्यास एक्याण्णव टक्के," ते म्हणाले.

"मुलं वाचनवेडी आहेत," प्राचार्य वाकून म्हणाले.

"दोनशे अठ्ठ्याऐंशी जण एकाच वेळी. एकच पुस्तक?"

"एक महाविद्यालय, एक पुस्तक!" प्राचार्यांनी जागच्या जागी उपक्रमाला जन्म दिला. "आमच्या चारुशीला मॅडमची कल्पना."

चारुशीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चौदा वर्षांत श्रेय मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

"सगळे तिसऱ्या पानावर आहेत."

"सखोल वाचन, सर."

"नऊ तास?"

"मनन," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी रुमालानं मान पुसली.

मोहोळकरांनी पुस्तकाचं नाव वाचायला मान पुढं केली आणि ते तसेच थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. केबिनमध्ये फक्त फरसाणाचा आवाज येत होता.

"या पुस्तकाला आजवर अकरा वाचक मिळाले," मोहोळकर शेवटी म्हणाले. "मी दर वर्षी चौकशी करतो."

"आपण का करता, सर?"

"मी लिहिलंय ते."

प्राचार्य खुर्चीत टेकले. मुखपृष्ठ कुणीच पाहिलं नव्हतं. ते पहिल्या पानावर होतं.

"नऊ वर्षं लागली मला," मोहोळकर सांगत होते, आणि त्यांचा हळू आवाज आणखी हळू झाला होता. "अकरा जणांत माझी बायको नाही. आणि इथं, या आडबाजूला, दोनशे अठ्ठ्याऐंशी तरुण..." त्यांनी चष्मा पुन्हा काढला. "मला त्यांना भेटायचंय. तीन वाजता सभागृहात बोलवा. भाषण नको. नुसती चर्चा करू."

मोहोळकर विश्रांतीला गेले तेव्हा साडेबारा झाले होते. अडीच तास होते आणि पुस्तक एकशे चाळीस पानांचं होतं.

"वाचायला लावा," प्राचार्य म्हणाले. त्यांचा हळुवारपणा संपला होता. "सगळ्यांना! टपरीवरून, शेतातून, असतील तिथून आणा. काहीही करा, मॅडम. हा माणूस खोटेपणा पकडून चिडला असता तर मी सांभाळलं असतं. हा तर गहिवरलाय!"

महाविद्यालयाच्या इतिहासात प्रथमच सगळे विद्यार्थी एकाच वेळी वर्गात बसले. नंदीशनं कक्षातल्या खिडक्या बंद करून सगळ्यांना मोकळं केलं. पाऊण तास हाकाहाकीत गेला. सव्वा वाजता दोनशेच्या वर मोबाइलांवर एकदम 'अंजिरावरील तांबेरा' उघडायला सुरुवात झाली. पडद्यांवर एक चक्र फिरू लागलं. फिरत राहिलं. एक वाजून अठरा मिनिटांनी ग्रंथालयातल्या वाय-फायच्या पेटीवरचे हिरवे दिवे लाल झाले आणि मग विझले. पाच वर्षं या पेटीनं सामने झेलले होते, रील झेलले होते, सायकल स्टँडवरची युद्धं झेलली होती. अभ्यासाचा भार तिला पाच मिनिटंही सोसला नाही.

"आपापला डेटा वापरा!" चारुशीलाबाई वर्गावर्गातून ओरडत फिरल्या.

"संपला, मॅडम."

"सगळ्यांचा?"

"तुम्हीच कालपासनं वाय-फायवर बंदी घातली की. सकाळधरनं मॅच चालू हुती. समदा तिथंच गेला."

"छापील चोपडी काढून द्या की, मॅडम," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"कुठून काढू? पुस्तक नेटवर आहे!"

"मग अंजीर तरी आणा. बघून सांगू कायतरी."

वर्ग हसला. चारुशीलाबाईंनी अंजीर आयुष्यात दिवाळीच्या सुक्या मेव्याच्या डब्यातच पाहिलं होतं, आणि तेही अर्धं.

तीनच्या ठोक्याला सभागृह भरलं. मोहोळकरांनी बहुधा ठेवणीतला शर्ट घातला होता. ते व्यासपीठावर चढले नाहीत. मुलांच्या पुढ्यातच खुर्ची ओढून बसले.

"सोपं विचारतो," ते म्हणाले. "रोग आला हे शेतकऱ्याला पहिल्यांदा कशावरून कळतं?"

सभागृहात पंख्याचा आवाज येत राहिला. मुलांनी पायाच्या अंगठ्यांकडे पाहिलं. नंदीशनं छताकडे पाहिलं. प्राचार्यांनी चारुशीलाबाईंकडे पाहिलं.

"लाजू नका. तिसऱ्या पानावरच आहे."

मोहोळकरांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला तेव्हा मागून, दारापाशी पाण्याची घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आला.

"पानाच्या खालच्या अंगाला बारीक पिवळं ठिपकं पडत्यात, साहेब. मंग त्येंचा रंग तांबूस हुतो. बोट फिरवलं तर बोटाला तांबडी भुकटी लागती. रोग वाढला की पानं गळत्यात आन् फळं भरत न्हाईत. हवेत वल आसली की लई जोरात फैलतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. मोहोळकर उठून उभे राहिले.

"बरोबर! शब्द न् शब्द बरोबर. आणि पुढं? फवारणी कधी करायची?"

"ते न्हाय म्हाईत," महालिंगप्पा म्हणाले. "पान उलटू नगा म्हनले हुते. म्या त्ये येकच पान पाच हजार येळा बघितलंय."

"पाच हजार वेळा? कशासाठी?"

"समद्या पोरांच्या वतीनं."

प्राचार्यांनी खोकून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मोहोळकर चारुशीलाबाईंकडे बघत होते. मोहोळकरांना आता एक वाक्य पुरलं असतं. मुलांनी महालिंगप्पांना प्रतिनिधी नेमलंय, असं काहीही. प्राचार्यांच्या ओठांवर ते वाक्य तयारही दिसत होतं. खिडकीपाशी शिवप्रिया बसली होती. ती नुसती बघत होती.

"कुणीच वाचलेलं नाही, सर," चारुशीलाबाई म्हणाल्या. "तक्ता खोटा आहे. मी यादी दिली, मीच लॉगिनं उघडायला लावली. मुलं वाय-फायवर काय करतात ते आधीच्या तक्त्यात आहे, तो खरा आहे. या मुलीची परीक्षा माझ्यामुळं बुडाली. आपलं पुस्तक यादीत पहिलं होतं म्हणून घेतलं, सर. एवढंच कारण."

मोहोळकर खुर्ची उचलून दारापाशी गेले आणि महालिंगप्पांसमोर बसले.

"बारावे तुम्ही," ते म्हणाले. "काही विचारायचंय का?"

"इचारायचंय की," महालिंगप्पा घागर खाली ठेवत म्हणाले. "आमच्या परसात मोरीच्या पान्यावर येक अंजिराचं झाड हाय. आमच्या हिनं, शरणम्मानं लावलंय. दोन वरसं झालं, पानं गळत्यात. म्या काल पयल्यांदा वाचलं तवा कळलं, त्येला काय झालंय ते. ह्येला औषिद काय?"

त्यानंतर चर्चा पाऊण तास चालली. ती दोघांतच झाली. मोहोळकरांनी एका कागदावर औषधाचं प्रमाण लिहून दिलं, गळलेली पानं गोळा करून जाळायला सांगितलं, आणि महालिंगप्पांचा फोन नंबर घेतला. दोनशे विद्यार्थी इतका वेळ मोबाइलशिवाय बसून राहिले. डेटा नव्हता हे कारण असेलही.

निघताना मोहोळकर चारुशीलाबाईंपाशी थांबले.

"अहवालात मला खरं तेच लिहावं लागेल."

"लिहा, सर."

त्यांनी खरं तेच लिहिलं. इंटरनेट वापर : असमाधानकारक. वाचक : एक.

गाडी गेल्यावर प्राचार्य फाटकापासून परतले. "मॅडम," ते पुन्हा हळुवारपणे म्हणाले, "जागा आता जाहिरातीत जाणार. आपण तयारी ठेवा."

चारुशीलाबाईंनी दुसऱ्या दिवशीपासून ग्रंथालयाचा पदभार सोपवण्यासाठी पुस्तकांची यादी करायला घेतली. शिवप्रिया मदतीला बसली. नऊ हजार पुस्तकं होती. मराठी कादंबऱ्या संपून शेतकीला हात घातला त्या दिवशी, म्हणजे दहाव्या दिवशी, नंदीश वाय-फायची पेटी दुरुस्त करायला आला. कंपनीकडे तक्रार नोंदवायची तर ती महाविद्यालयाच्या ईमेलवरूनच करावी लागत होती, म्हणून त्यानं प्राचार्यांकडून ईमेलचा पासवर्ड मागून घेतला आणि आपल्या मोबाइलचा डेटा संगणकाला जोडला.

"मॅडम," पाच मिनिटांनी तो पडद्यामागून म्हणाला, "हितं चार हजार मेल न उघडता पडल्यात. त्यात एक तुमच्या नावाचं हाय."

चारुशीलाबाई उठून आल्या. कायम मान्यतेचा आदेश होता. सही होती, शिक्का होता. तारीख समिती येण्याच्या अकरा दिवस आधीची होती.

प्राचार्य ईमेल कागदावर छापून वाचत असत, आणि छपाईयंत्रातली शाई जुलैमध्ये संपली होती.